एक मात्रा उशिरा: पॅचमधल्या क्रमाच्या चुका कशा पकडायच्या

(सदरमधल्या एका छोट्या बैठकीत झालेलं हे बोलणं. ज्यांना हा भाग ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी लिहून देतोय. बोलणं बहुतेक तसंच ठेवलंय, फक्त खिडकीतून येणारे रेसिडेन्सी रोडचे हॉर्न तेवढे काढलेत.)

आजचा विषय ऐकायला जरा कोरडा वाटेल. पण त्याच्यापायी माझी एक बहीण तीन आठवडे चुकीचं नाचली, आणि चूक तिची नव्हती, माझी होती. म्हणून आधी ती गोष्ट सांगतो, मग तांत्रिक भागाकडे येतो.

माझी मामेबहीण कथक शिकते. मामाचं घर इथून जवळच, छावणीत. तिला घरी रियाजाला तबला पाहिजे होता, म्हणजे तीनतालाचा ठेका, लय कमीजास्त करता येईल असा. बाजारात अशी अ‍ॅप आहेत. पण मी नुकताच पीडी शिकत होतो, अंगात उत्साह होता. म्हटलं, "थांब, मीच बनवून देतो."

पीडी म्हणजे प्युअर डेटा. फुकट मिळतं. मिलर पकेट नावाच्या माणसाने १९९० च्या दशकात ते बनवलं. त्याच्या आधी १९८० च्या दशकात पॅरिसच्या इरकाम या संस्थेत असताना त्यानेच 'मॅक्स' बनवलं होतं. दोन्हींत ओळी टाइप करायच्या नसतात. पडद्यावर पेट्या ठेवायच्या आणि वायरींनी जोडायच्या. एका पेटीतून आकडा निघतो, वायरीतून दुसऱ्या पेटीत जातो. अशा चित्राला पॅच म्हणतात. हाच पॅच लिबपीडी वापरून अँड्रॉइड आणि आयफोनवरही चालवता येतो, म्हणून तर मला तो बहिणीच्या फोनवर टाकता आला.

माझा पॅच साधा होता. वर 'मेट्रो ५००', म्हणजे दर ५०० मिलिसेकंदाला एक टिचकी, मिनिटाला १२० मात्रा. त्याखाली मोजणी, शून्य ते पंधरा, कारण तीनतालात १६ मात्रा. मोजणीतून दोन वायरी निघत होत्या. एक वायर सांगायची की कितवा बोल वाजवायचा. दुसरी वायर एका तक्त्यात बघून सांगायची की किती जोरात. समेला, म्हणजे पहिल्या मात्रेला, जोर पूर्ण १. पाचव्या आणि तेराव्या टाळीला ०.८. नवव्या मात्रेला खाली, तिथे ०.४. बाकी सगळीकडे ०.६. हे दोन आकडे 'पॅक' नावाच्या पेटीत जायचे, तिथे त्यांची जोडी व्हायची आणि जोडी निघाली की आवाज. झालं काम.

पहिले काही दिवस छान चाललं. मग एका संध्याकाळी वाटलं, जोराचा तक्ता जरा सुधारावा. जुनी तक्ता वाचायची पेटी काढून टाकली, नवी ठेवली, वायरी परत जोडल्या. चित्र अगदी आधीसारखंच दिसत होतं. लॅपटॉपवर दोन आवर्तनं ऐकली, ठीक वाटलं, फोनवर टाकून दिलं.

तीन आठवड्यांनी बहिणीचा फोन. आवाज रडवेला.

"दादा, माझी तिहाई समेवर येऊनच नाही राहिली. बाई म्हणतात, तू एक मात्रा उशिरा येतेस. घरी तर बरोबर येते."

मी काय म्हटलं? आज सांगायला लाज वाटते. मी म्हटलं, "अगं, घरी एकटी असतेस, क्लासमध्ये घाबरत असशील."

आधी चुकीच्या ठिकाणी शोधलं

दोन दिवसांनी ती परत म्हणाली, तेव्हा मी तिच्या घरी जाऊन बसलो. फोन टेबलावर, ती नाचतेय, मी बोटांवर मोजतोय. आणि लक्षात आलं की जोराचा ठोका पहिल्या मात्रेवर पडतच नाही. तो दुसरीवर पडतोय.

तुम्ही म्हणाल, बोल तर बरोबर होते ना? पहिल्या मात्रेला धा, दुसरीला धिं. तिला कळायला नको? लॅपटॉपच्या बऱ्या स्पीकरवर कळतं. फोनच्या इवल्याशा स्पीकरवर डग्ग्याचा खर्ज येतच नाही. धा काय, धिं काय, सगळं 'टक' एवढंच ऐकू येतं. कानाला धरायला उरतो फक्त जोर. खालीची जागासुद्धा ती आवाज कमी झाला यावरूनच ओळखत होती, आणि तीही एक मात्रा पुढे सरकली होती. म्हणजे अख्खा तालच एक घर सरकलेला. तिने पाय सरकवले, कारण मशीन कशाला चुकेल?

माझा पहिला संशय ब्लूटूथवर. वायरलेस इयरफोनमध्ये आवाज उशिरा येतो हे आपल्याला माहीतच आहे. मग इयरफोन काढले. मग फोनवर संशय. मग ऑडिओच्या सेटिंगमध्ये बफर कमी कर, जास्त कर. एक अख्खा रविवार त्यात गेला.

मग एक साधी गोष्ट सुचली, आणि ती तुम्ही लिहून ठेवा. मी लय अर्धी केली. मिनिटाला ६० मात्रा. आवाज पोचायला उशीर होत असता तर तो उशीर तेवढाच राहिला असता. १०० मिलिसेकंदाचा उशीर हा जलद लयीतही १०० आणि विलंबितातही १००. पण इथे लय अर्धी केल्यावर चूक दुप्पट झाली. आधी अर्धा सेकंद, आता पूर्ण एक सेकंद. कोणतीही लय घ्या, बरोब्बर एक मात्रा.

चूक घड्याळाच्या हिशोबाने मोजली जात असेल तर ती उशिराची असते. चूक पायऱ्यांच्या हिशोबाने मोजली जात असेल, 'नेहमी एक मागे', तर ती क्रमाची असते. यंत्र तुम्हाला मागच्या खेपेचा आकडा देतंय.

आणखी एक खूण होती, ती मी पहिल्या दिवसापासून बघत होतो आणि सोडून देत होतो. फाइल नव्याने उघडली की पहिला ठोका वाजायचाच नाही. गप्प. मी म्हणायचो, गरम व्हायला वेळ लागत असेल. अरे, ते काय डिझेल इंजिन आहे?

चित्रात सगळं एकदम दिसतं, चालतं एकेक

आता खरं काय होतं ते बघू.

पॅच बघितला की वाटतं, दोन वायरी निघाल्या म्हणजे आकडा दोन्हीकडे एकदम गेला. तसं नसतं. पीडी एका वायरीने जातं, त्या वायरीच्या टोकापर्यंत, तिथून पुढे जे जे व्हायचं ते सगळं पूर्ण करतं, मग मागे येतं आणि दुसरी वायर धरतं. एका वेळी एकच.

दुसरी गोष्ट, इनलेट गरम आणि थंड. पेटीच्या वरच्या बाजूला आकडे आत यायची जी तोंडं असतात, त्यातलं सगळ्यात डावीकडचं बहुतेक वेळा गरम. तिथे काही आलं की पेटी लगेच काम करते, बाहेर उत्तर टाकते. उजवीकडची थंड. तिथे आलेला आकडा पेटी नुसता लक्षात ठेवते, करत काहीच नाही. डावीकडून हाक येईपर्यंत वाट बघते.

तर्री पोह्याच्या ठेल्यावर या. भाऊ पोह्याची प्लेट हातात घेतो, पोऱ्या ओरडून सांगतो, "तर्री जास्त", "तर्री कमी". प्लेट म्हणजे गरम इनलेट, ती हातात आली की भाऊ थांबत नाही, तर्री टाकून गिऱ्हाइकाला देऊन मोकळा. पोऱ्याचं ओरडणं थंड इनलेट, ते भाऊच्या नुसतं लक्षात राहतं. आता पोऱ्या दरवेळी प्लेट गेल्यावर ओरडू लागला तर काय होईल? तुमची 'जास्त तर्री' तुमच्या मागच्याला मिळेल. त्याची 'कमी' त्याच्या मागच्याला. ठेला व्यवस्थित चालू, कोणी भांडत नाही, फक्त प्रत्येकाच्या प्लेटमध्ये आधीच्या माणसाची तर्री. आणि सकाळी पहिला जो येईल त्याला कोरडे पोहे.

कोरडे पोहे, म्हणजे माझा तो गप्प पहिला ठोका. 'पॅक'च्या थंड इनलेटमध्ये सुरुवातीला शून्य होतं. बोल आधी आला, जोर शून्य, जोडी निघून गेली. मग समेचा जोर १ येऊन थंड इनलेटवर बसला आणि दुसऱ्या मात्रेच्या बोलाबरोबर बाहेर पडला.

मग आधी बरोबर कसं चालत होतं? इथे खरी मेख आहे. एकाच आउटलेटमधून दोन वायरी निघाल्या तर पीडीमध्ये त्या ज्या क्रमाने तुम्ही जोडल्या त्या क्रमाने चालतात. आधी जोडलेली आधी. मी सुरुवातीला योगायोगाने जोराची वायर आधी जोडली होती. त्या संध्याकाळी ती पेटी काढली, नवी टाकली, वायर परत जोडली, म्हणून ती शेवटची झाली. पडद्यावर काडीचाही फरक नाही. तुम्ही ते चित्र छापून भिंतीवर लावा, तासभर बघा, चूक सापडणार नाही. ती चित्रात नाहीच, ती कोणती वायर कधी जोडली त्या इतिहासात आहे.

मॅक्समध्ये नियम वेगळा. तिथे पेटी कुठे ठेवली आहे त्यावर क्रम ठरतो. उजवीकडची आधी, आणि दोन पेट्या एकाच उभ्या रेषेत असतील तर खालची आधी. निदान डोळ्याला दिसतं. पण मग नुसतं आवरायला म्हणून पेटी इकडची तिकडे सरकवली की वागणं बदलतं.

सदरच्या शेजारी मोहननगरात रेल्वेचं डायमंड क्रॉसिंग आहे, माहीत असेल तुम्हाला. रूळ एकमेकांना छेदून जातात. नुसते रूळ बघून कोणी सांगेल का, आधी कोणती गाडी जाणार? ते सिग्नल ठरवतो. रुळाच्या आकाराकडे बघून गाड्या सोडल्या तर काय होईल ते सांगायला नको. पॅचमध्येही वायर म्हणजे नुसता रूळ. सिग्नल आपल्याला लावावा लागतो.

सिग्नल लावायचा कसा

पीडीत त्या सिग्नलचं नाव 'ट्रिगर'. पेटीत नुसतं 'टी' लिहिलं तरी चालतं. आपल्याला एक आकडा दोन ठिकाणी पाठवायचा आहे, म्हणून 'टी एफ एफ'. एफ म्हणजे आकडा. या पेटीला खाली दोन आउटलेट येतात आणि ती नेहमी, कधीही, कोणत्याही फोनवर, उजवीकडून डावीकडे चालतात. आधी उजवं, ते पूर्ण झालं की डावं.

मी मोजणीच्या खाली 'टी एफ एफ' टाकलं. उजव्या आउटलेटमधून जोराचा तक्ता, तिथून 'पॅक'चं उजवं इनलेट. डाव्या आउटलेटमधून बोल, 'पॅक'च्या डाव्या इनलेटला. झालं. एक पेटी, तीन अक्षरं. त्यासाठी तीन आठवडे.

एक फायदा आणखी. उजवं आधी चालतं आणि थंड इनलेट उजवीकडेच असतं, त्यामुळे वायरी सरळ खाली येतात, एकमेकींना छेदत नाहीत. ट्रिगरखालच्या वायरी छेदत असतील तर बहुतेक वेळा क्रम उलटा लागलाय असं समजा आणि थांबून बघा.

आता पकडायचं कसं, ते क्रमाने सांगतो.

पहिलं, मेट्रो बंद करा. चालत्या गाडीखाली घुसू नका. त्याजागी एक बटण ठेवा आणि हाताने एकेक टिचकी द्या.

दुसरं, जिथे आकड्यांची जोडी होते त्या पेटीच्या खाली 'प्रिंट' लावा. मी 'पॅक'खाली लावलं. पहिल्या टिचकीला यायला पाहिजे होतं '० आणि १', म्हणजे पहिला बोल, पूर्ण जोर. आलं '० आणि ०'. दुसऱ्या टिचकीला '१ आणि १'. तिथेच सगळं उघडं पडलं. पण एक सावधान: ज्या आउटलेटमधून दोन वायरी निघतात, त्यालाच तिसरी वायर म्हणून प्रिंट जोडू नका. तीही रांगेत उभी राहते आणि तुम्हाला वेगळीच गोष्ट सांगते. प्रिंट फाट्याच्या शेवटी लावा.

तिसरं, पूर्ण पॅचमध्ये फिरा आणि मोजा: असे किती आउटलेट आहेत ज्यातून एकाहून जास्त वायरी निघतात? प्रत्येक ठिकाणी स्वतःला विचारा, यातली आधी कोणती चालली तर बिघडेल? उत्तर 'काही फरक नाही' असलं तरी ट्रिगर टाका. आज फरक नसेल, उद्या पडेल. यातून सूट फक्त आवाजाच्या जाड वायरींना. तिथला हिशोब पीडी स्वतः लावतं, आवाज एकाच वेळी दहा ठिकाणी नेला तरी चालतो. तिथेही आवाज फिरवून परत आणायचा असेल, प्रतिध्वनीसारखा, तर निदान एका ब्लॉकचा उशीर लागतो. ब्लॉक म्हणजे ६४ नमुने. सेकंदाला ४४,१०० नमुने धरले तर साधारण दीड मिलिसेकंद. नाचणाऱ्याला तो कळणारही नाही.

चौथं, वायर नसलेले रस्ते. 'सेंड' आणि 'रिसीव्ह' वापरून एकाच नावाने चार ठिकाणी निरोप पाठवता येतो. त्या चौघांत आधी कोणाला मिळेल यावर काहीही टेकवू नका. क्रम पाहिजे असेल तर दोन वेगळी नावं ठेवा आणि ट्रिगरने एकामागे एक पाठवा. तसंच 'लोडबँग', फाइल उघडली की आपोआप वाजणारी टिचकी. पॅचमध्ये सात लोडबँग विखरून ठेवण्यापेक्षा एकच ठेवा, त्याखाली एक लांब ट्रिगर, आणि सुरुवातीचे आकडे ओळीने भरा. मी आता पहिल्या मात्रेचा जोर असाच आधी भरून ठेवतो.

पाचवं, गोल फिरणाऱ्या वायरी. मोजणीचा पॅच बघा: आकडा बाहेर पडतो, त्यात एक मिळवला जातो, आणि तो परत वर जातो. वर जातो तो थंड इनलेटमध्ये, म्हणून पुढच्या टिचकीपर्यंत गप्प बसतो. चुकून गरम इनलेटला जोडलात तर स्वतःच स्वतःला हाका मारत बसेल आणि पीडी 'स्टॅक ओव्हरफ्लो' म्हणून ओरडेल. तो ओरडा आला की गोल शोधा.

हे फक्त संगीताचं नाही

तुमच्यातले काही जण म्हणतील, आम्हाला काय करायचं तबल्याचं. ठीक आहे. इथे सदरमध्येच मंगळवारी बाजाराकडे शासकीय तंत्रनिकेतन आहे. तिथले किंवा आयटीआयचे कोणी ऐकत असाल तर तुम्ही पीएलसीची लॅडर काढता. उद्या हिंगण्याला किंवा बुटीबोरीला कारखान्यात लागलात तर रोज काढाल. लॅडरसुद्धा चित्रच. वाटतं सगळ्या पायऱ्या एकदम चालतात. पण पीएलसी वरून खाली एकेक पायरी वाचतो. खालच्या पायरीत बदललेला बिट वरच्या पायरीला कळतो तो पुढच्या फेरीत. नेहमी एक फेरी मागे. माझ्या तीनतालाची चूक तीच, फक्त तिथे तबल्याच्या जागी मोटर असते.

लॅबव्ह्यूमध्ये ज्या दोन पेट्यांमध्ये वायरच नाही, त्यातली आधी कोणती चालेल याची हमी नसते. म्हणून जुने लोक एररची वायर एकातून दुसऱ्यात ओवून घेतात. एररसाठी तर खरंच, पण क्रमासाठीही. नावं वेगळी, औषध एकच: क्रम महत्त्वाचा असेल तर तो चित्रात काढा. नशिबावर सोडू नका.

बहिणीचं काय झालं

मी नवा पॅच फोनवर टाकला आणि तिच्या घरी गेलो. तिला समोर बसवलं आणि सरळ सांगितलं, "चूक तुझी नव्हती. जोर दुसऱ्या मात्रेवर पडत होता. तू त्याच्यामागे बरोबर जात होतीस."

मला वाटलं ती चिडेल. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "पहिल्या आठवड्यात मला वाटलं होतं दादा, की काहीतरी सरकलंय. पण म्हटलं, आपल्यालेच समजून नाही राहिलं."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. तिचा कान बरोबर होता. तिने कानाचं ऐकलं नाही, कारण समोर फोन होता आणि तो भावाने करून दिला होता. आणि तिने मला विचारलं तेव्हा मीही तिला, पॅच उघडून न बघता, तू घाबरत असशील असं सांगून मोकळा झालो.

पॅच दुरुस्त करायला पाच मिनिटं लागली. तिच्या पायातली ती जास्तीची मात्रा निघायला दहाबारा दिवस गेले. बाईंनी तिला हातावर ताल धरून, तोंडाने बोल म्हणून परत बसवलं. फोन त्या काळात बंदच होता. त्यानंतरच्या कार्यक्रमात तिची तिहाई समेवर आली. मी शेवटच्या रांगेत बसून मोजत होतो, माझ्या हाताला घाम होता.

तर मंडळी, आज घरी गेल्यावर दोन कामं करा. स्वतःचा एखादा पॅच उघडा आणि एका आउटलेटमधून दोन वायरी निघालेल्या जागा मोजा. माझ्या त्या छोट्या पॅचमध्ये अकरा निघाल्या होत्या. आणि तुमचं बनवलेलं वापरणारं कोणी 'काहीतरी सरकलंय' असं म्हणालं, तर त्याच्यात खोट काढण्याआधी मेट्रो बंद करा, बटण ठेवा, आणि एकेक टिचकी देऊन बघा.

तुमच्या पॅचमध्ये अशी काही गंमत सापडली तर सांगा, पुढच्या भागात त्यावर बोलू. भेटू तेव्हा. नमस्कार.